आलेच

१

मंगळवार, सकाळचे पावणेअकरा. तिसऱ्या मजल्यावरचं घर, मागच्या बाजूची कामाची खोली. माझी धाकटी बहीण संगणकासमोरच्या खुर्चीवरून उठली, ‘आलेच’ म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे निघाली. खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक अरुंद पॅसेज आहे. तिथे ती पडली आणि तिथेच गेली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, पडायच्या आधीच सगळं संपलेलं असणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. गॅसवर चहा ठेवलेला होता.

बाबा त्या वेळी पुढच्या बाल्कनीत बसले होते. बाबा म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर. जन्मभर इंजिनाला चिकटून बसल्यामुळे त्यांचे दोन्ही कान गेले आहेत. कानातलं यंत्र त्यांच्या कानात कमी आणि शर्टाच्या खिशात जास्त असतं. त्या दिवशीही ते खिशातच होतं. चहा करपल्याचा वास आला म्हणून ते उठले, आणि पॅसेजमध्ये त्यांच्या पायाला ती लागली.

इथपर्यंत कुणाचा कुणाशी वाद नाही. डॉक्टरांचं प्रमाणपत्र आहे, शेजाऱ्यांची साक्ष आहे. वाद आहे तो पुढच्या अर्ध्या तासाबद्दल. आणि तो सुरू झाला बाबांच्या एका प्रश्नामुळे. मी पोचलो तेव्हा त्यांनी रडून घेतलेलं होतं. माझा हात धरून त्यांनी विचारलं, ‘तिने मला हाक मारली का रे?’

‘बाबा, डॉक्टर म्हणाले ना, एका क्षणात...’

‘डॉक्टर होता का तिथे? मी होतो. आणि मला ऐकू येत नाही.’

मी बातमीदार आहे. लोकांना नको ते प्रश्न विचारण्यात माझे केस पांढरे झाले. पण इतका साधा प्रश्न, आणि त्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. उत्तर असेलच तर ते त्या खोलीतल्या टेबलावर, पाण्याच्या पेल्याएवढ्या एका काळ्या डबीत होतं.

२

धाकटीचं काम मोठं चमत्कारिक होतं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ती चित्रफितींखाली ओळी घालायची. माणसं बोलतात ते तर लिहायचंच, पण आवाजही लिहायचे. (दार लागतं.) (दूरवर कुत्रं भुंकतं.) कंसात, थोडक्यात आणि कायम वर्तमानकाळात.

‘दादा, तू अख्खा रकाना भरून जे सांगतोस ना, ते मी दोन शब्दांत उरकते,’ असं ती मला ऐकवायची.

बाबा यावर म्हणायचे, ‘माझी दोन पोरं. एक नको तेवढं बोलतो, एक नको तेवढं ऐकते. बरं झालं माझे कान गेले.’

हे काम तिने घेतलं ते बाबांसाठीच. त्यांना टीव्हीवरचं काही कळेना म्हणून एकदा तिने स्वतः बसून त्यांच्यासाठी एका मालिकेच्या भागाला ओळी घातल्या आणि मग तोच धंदा झाला. अडचण एकच होती, तिचं लक्ष टिकायचं नाही. कान इतके तयार झाले होते की जिन्यात कुणी चढलं, खाली गाडी थांबली, नळाला पाणी आलं, प्रत्येक आवाजाला तिची मान वळायची. बाहेर जरा खुट्ट झालं की ती आतून ‘बाबा, कोण आलंय?’ असं ओरडायची आणि बाबांना पत्ताच नसायचा.

म्हणून तिने ती डबी आणली. कामात लक्ष राहावं यासाठी बोलणारा, कृत्रिम बुद्धीचा सोबती. जाहिरातीत त्याला भारीपैकी नाव होतं. धाकटी त्याला मास्तर म्हणायची. आवाज पुरुषाचा, उतारवयातला, शांत. त्याच्याबरोबर कॅमेराही येतो, पण तिने त्यावर जखमेला लावायची पट्टी चिकटवून टाकली होती. ‘कान आहेत तेवढे पुरेत. डोळे कशाला हवेत मेल्याला?’

मास्तर कानांवरच चालायचा. कळा वाजायच्या थांबल्या, खुर्ची कुरकुरली की त्याला समजायचं. मी एकदा तिच्या खोलीत डोकावलो तर आतून आवाज आला, ‘ताई, लक्ष इकडे.’

‘अहो मास्तर, भाऊ आलाय माझा.’

‘भाऊ थांबतील. हा तुकडा आधी.’

धाकटी माझ्याकडे बघून हसली. ‘बघ. तुझ्या संपादकापेक्षा बरा आहे. निदान ओरडत तरी नाही.’

मला तो आवडला नाही. माणसाला स्वतःच्या घरात मान वळवायला परवानगी लागावी, हे काही मला पटलं नाही, आणि मी तसं बोललो. पण तिचं काम दुप्पट व्हायला लागलं होतं. बाबाही खूश होते. ‘मी गाडी चालवायचो तेव्हा मागे कंडक्टर असायचा,’ ते म्हणाले. ‘हिच्या मागे मास्तर. कुणीतरी मागे असलं की गाडी नीट चालते.’

उठताना ती ‘आलेच’ म्हणायची. मास्तर म्हणायचा, ‘थांबतो.’ ती परत येऊन बसली की म्हणायचा, ‘आलात. चला.’ रोज, दिवसातून कितीदा तरी. दिवस संपला की ती ‘आजचं पुरे’ म्हणायची, मग त्याचा हिरवा दिवा विझायचा.

३

समोरच्या दारात शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. बाबांचं ओरडणं ऐकून सगळ्यात आधी त्या धावल्या. दहाव्या दिवशी त्या मला जिन्यात गाठून म्हणाल्या, ‘भाऊ, एक विचारू? रागावणार नसाल तर.’

‘विचारा.’

‘त्या दिवशी आतल्या खोलीत कोण होतं हो?’

‘कुणी नाही. बाबा आणि ती, दोघंच घरात.’

‘नाही, ते माहितीये मला. पण...’ त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. ‘काका पॅसेजमध्ये तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मी पाणी आणायला वळले, तर खोलीतनं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आणि एक पुरुष म्हणाला, “आलात. चला.” असं, घरच्या माणसासारखं. मला वाटलं डॉक्टर आले मागच्या दाराने. मग लक्षात आलं, तुमच्या घराला मागचं दार कुठंय?’

‘ते यंत्र आहे. धाकटीचं. बोलतं ते.’

‘असेल. मला काय कळतंय त्यातलं. पण यंत्र टाइप करतं का?’

मी जिन्याच्या कठड्याला टेकलो.

‘कळा वाजत होत्या, भाऊ. तिच्या दिवसभर वाजायच्या तशाच. माझ्या मशीनच्या आवाजात पण मला ऐकू यायच्या, इतकी सवय झालेली. मी दार ढकलून बघितलं. कुणी नव्हतं. खुर्ची टेबलाला अगदी लागून होती. मग म्हटलं, बाई, तुझं डोकं फिरलंय, काकांकडे बघ आधी.’

‘कळा वाजत होत्या तेव्हा?’

‘दार ढकललं तशा थांबल्या.’

मी त्यांना समजावलं. घाबरलेल्या माणसाचे कान काहीही ऐकतात. मी दंगली पाहिल्या आहेत, पूर पाहिले आहेत. एकाच गल्लीतली दहा माणसं दहा गोष्टी शपथेवर सांगतात. बाई हो हो म्हणाल्या. मग दार लावता लावता थांबून म्हणाल्या, ‘उठून गेलेल्या माणसाची खुर्ची मागे सरकलेली असते ना हो?’

४

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला फोन लावला. तक्रारी ऐकणाऱ्या एक बाई बोलल्या. गोड आवाज, पाठ केलेली वाक्यं. मी नाव, धंदा आणि मला हवं काय ते सरळ सांगितलं. एक बाई तुमच्या यंत्राच्या कानासमोरून उठते, चार पावलांवर पडते, मरते. लक्ष ठेवणं हाच ज्याचा धंदा, ते यंत्र कुणाला कळवत नाही, ओरडत नाही, उलट म्हणतं ‘आलात, चला’. का?

त्यांनी दोन दिवस मागितले आणि खरंच परत फोन केला.

‘सर, आमच्या तांत्रिक विभागाने तपासलंय. ताई “आलेच” म्हणाल्या होत्या. “आले” हा भूतकाळ आहे. त्यामुळे त्या आल्या असं प्रणालीने धरलं. हा एक भाषिक गैरसमज आहे.’

‘बाई, तुमची भाषा कुठली?’

‘मराठीच, सर.’

‘तुमची आई स्वयंपाकघरातून “आले गं” म्हणते, तेव्हा ती आलेली असते का?’

त्यांना हसू फुटलं. ‘नाही सर. हाका मारून मारून घसा बसतो.’ मग हसू आवरलं. ‘सॉरी सर.’

‘गैरसमज पहिल्या दिवशी होतो. माझी बहीण हा शब्द त्याला रोज म्हणायची आणि तो रोज “थांबतो” म्हणायचा. त्या दिवशीच बरं त्याला व्याकरण सुचलं!’

आपल्या भाषेत दारातून निघणारा माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. उठणारी बाई आलेच म्हणते. हे कुणी शिकवत नाही, आणि याचा अर्थ लावायला तांत्रिक विभाग लागत नाही.

फोन ठेवून मी खोलीत गेलो. दुपारची वेळ होती, बाबा पुढे आडवे झाले होते. खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडलं होतं. डबीचा दिवा हिरवा होता. अजून कुणी ‘आजचं पुरे’ म्हटलं नव्हतं आणि बाबा कुणाला त्या खोलीतलं काही हलवू देत नव्हते. मी तिच्या खुर्चीत बसलो, मोठ्याने ‘आलोच’ म्हणालो आणि उठलो.

‘थांबतो,’ मास्तर म्हणाला.

मी पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिलो. भिंतीला टेकून बराच वेळ. आतून काहीही आवाज आला नाही. परत येऊन बसलो, तेव्हा कुठे म्हणाला, ‘आलात. चला.’

म्हणजे गैरसमज वगैरे काही नव्हता. त्याला ‘आलेच’ नीट कळत होतं. मला विजय मिळवल्यासारखं वाटलं. कंपनीला फोनवर काय सुनवायचं त्याची वाक्यं मी मनात जुळवायला लागलो, आणि पाणी प्यायला म्हणून उठलो. या वेळी मी काहीच बोललो नाही. खुर्ची मागे सारली आणि निघालो.

माठापाशी पोचतो न पोचतो तोच मागे खुर्ची कुरकुरली.

‘आलात. चला.’

पेला हातात धरून मी उभा राहिलो. स्वतःला सांगितलं, असल्या खुर्च्यांच्या आत हवेचा दट्ट्या असतो. माणूस उठला की तो सावकाश वर येतो, तेव्हा वाजतो. त्या आवाजालाच यंत्र फसतं. त्या दिवशीही हेच झालं असणार. अगदी सरळ गोष्ट आहे. मी पाणी प्यायलो, पेला जागेवर ठेवला, आणि मग खोलीत गेलो.

खुर्ची टेबलाला लागून होती.

मी वायर ओढून काढली. दिवा विझला. डबी पिशवीत घातली तेव्हा बाबा दारात उभे होते.

‘का काढलंस?’

मी त्यांना खिशातलं यंत्र कानात घालायची खूण केली. ‘कंपनीला पाठवतोय. तपासायला.’

‘त्यात तिचं काही असलं तर?’

‘म्हणूनच पाठवतोय, बाबा. तिने हाक मारली का, ते त्यात असेल.’

ते बाजूला झाले. मी गेल्यावर त्यांनी टेबलावर डबीच्या रिकाम्या जागेतली धूळ स्वतःच्या हाताने पुसली, असं शिवणवाल्या बाईंनी मला नंतर सांगितलं.

५

तपासाला वेळ लागणार होता. दरम्यान धाकटीला काम देणाऱ्या संस्थेतून एका गृहस्थाचा फोन आला. शोक व्यक्त झाला, तिच्यासारखी ऐकणारी पुन्हा मिळणार नाही वगैरे झालं. मग ते चाचरत म्हणाले, ‘शेवटचं काम आलंय त्यांचं. पूर्ण. फक्त त्यात काही ओळी... तुम्हीच बघा.’

ती चित्रफीत पाण्याचा पंप कसा दुरुस्त करावा याची होती. एक मेकॅनिक, एक पंप, बाकी कुणी नाही. मी त्यांच्या कार्यालयात बसून ती पाहिली. (पाना खाली पडतो.) पाना पडला. (मोटर घरघरते.) मोटर घरघरली. अर्ध्यापर्यंत सगळं जागच्या जागी. मग मेकॅनिक गप्प राहून नट आवळत असताना खाली उमटलं:

(बाहेर माणूस रडतो.)

नट आवळला जात होता. दुसरा आवाज नव्हता.

(भांडं पडतं.)

(बरीच माणसं बोलतात.)

‘मी कान लावून लावून ऐकलं,’ ते गृहस्थ म्हणाले. ‘चित्रफितीत कुणी रडत नाही हो.’

‘हे केव्हा आलं तुमच्याकडे?’

‘त्याच दिवशी. दुपारी. आम्हाला बातमी संध्याकाळी कळली.’

मी त्यालाही कारण शोधून काढलं; कारणं शोधण्यात माझा हात कुणी धरणार नाही. हल्ली संगणक ऐकून आपोआप ओळी घालतात. टेबलावरच्या मायक्रोफोनने घरातलाच गोंधळ ऐकला, यंत्राने ओळी टाकल्या, काम पूर्ण समजून फाइल धाडून दिली. गृहस्थांनी मान डोलावली. त्यांनाही तेच हवं होतं.

बसस्टॉपवर उभा असताना मला जे खटकत होतं ते सापडलं. यंत्र असतं तर कुठल्याही माणसाला माणूसच म्हणालं असतं, ते ठीक. पण धाकटीने लिहिलं असतं, तरी तिनेही ‘माणूस’च लिहिलं असतं. ‘बाबा रडतात’ असं तिने लिहिलं नसतं. बाबांना रडताना आमच्यापैकी कुणी कधीच ऐकलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. तो आवाज तिला ओळखू आला नसता.

घरी पोचलो तर बाबा विचारायला तयारच. ‘काही कळलं?’

‘अजून नाही.’

‘तू विचार त्यांना. सोडू नकोस. तू कुणाला सोडत नाहीस ना, मग यांना का सोडतोस?’

६

कंपनीने आधी सांगितलं, आम्ही आवाज साठवत नाही. मी त्यांच्याच नियमावलीतलं वाक्य त्यांना वाचून दाखवलं. मग म्हणाले, साठवतो, पण वारसांनाच देतो. मी बाबांची सही नेली. मग म्हणाले, वरिष्ठ रजेवर आहेत. मी म्हटलं, मी स्वागतकक्षात बसतो, वरिष्ठ कामावर येईपर्यंत; माझ्याकडे डबा आहे आणि वर्तमानपत्रात जागाही आहे. जेवणाच्या सुट्टीनंतर मला आत बोलावलं.

त्या फोनवरच्याच बाई होत्या. वाटल्या होत्या त्यापेक्षा थोराड, डोळ्यांखाली काळं. काचेची खोली, टेबलावर संगणक आणि हेडफोन.

‘सर, एक सांगू?’ त्या म्हणाल्या. ‘हे कंपनीचं म्हणणं नाही, माझं आहे. तुम्ही हे ऐकू नका.’

‘तुम्ही ऐकलंत?’

‘मला ऐकावं लागलं.’

‘मग मलाही लागेल.’

मी हेडफोन चढवले.

धाकटी. एकदम कानाजवळ. एक हलका सुस्कारा, मग ‘आलेच’.

‘थांबतो.’

खुर्ची. चपलांचा आवाज लांब जाणारा. मग एक मऊ, जड आवाज. त्याच्या आधी काही नाही, नंतरही काही नाही. मी श्वास रोखून ऐकत होतो. तिने हाक मारली नव्हती. मला रडू आलं, आणि खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखंही वाटलं. बाबांना सांगता येणार होतं. मी हेडफोन काढायला हात वर नेला.

बाईंनी मान हलवली. अजून आहे.

बराच वेळ फक्त खिडकीबाहेरची रहदारी. मग लांबून बाबांची पावलं. आणि मग बाबा. मी तो आवाज पूर्वी कधी ऐकला नव्हता, तरी ओळखला. मी खोलीच्या काचेतून बाहेर बघत राहिलो. बाहेर दोन माणसं कशावरून तरी हसत होती.

शिवणवाल्या बाई धावत आल्या, ‘पाणी आणते’ म्हणाल्या. आणि त्या आवाजांच्या अलीकडे, अगदी जवळ, खुर्ची ओढली गेली.

‘आलात. चला.’

कळा वाजू लागल्या. लांब बाबांचं रडणं, जवळ कळा. मग भांडं पडलं. पुन्हा शिवणवाल्या बाईंचा आवाज, ‘काका, हलवू नका तिला, हलवू नका.’ जिन्यात पावलं. दार. आणखी माणसं, कुणीतरी रुग्णवाहिकेला फोन करतंय, पत्ता सांगताना चुकतंय. खोलीचं दार ढकललं गेलं, तशा कळा थांबल्या.

आणि धाकटी म्हणाली, मायक्रोफोनच्या इतक्या जवळून की तिचा श्वास मला ऐकू आला:

‘बाबा, कोण आलंय?’

तिच्या आवाजात भीती नव्हती, वेदना नव्हती. कामातून मान वर काढणारी, थोडी वैतागलेली बाई. हा प्रश्न मी त्या घरात हजारदा ऐकला असेल. बाबांना एकदा विचारून ऐकू जात नाही, म्हणून तो नेहमी दोनदा विचारला जायचा. दुसऱ्या वेळी मोठ्याने.

‘अहो बाबा! कोण आलंय एवढं?’

पॅसेजमध्ये कुणीतरी मोठ्याने रडत होतं. उत्तर कुणी दिलं नाही.

खुर्ची कुरकुरली. उठताना कुरकुरते तशी. ती बघायला निघाली होती.

‘ताई,’ मास्तर म्हणाला, ‘लक्ष इकडे.’

जरा वेळ काही नाही. मग कळा पुन्हा वाजू लागल्या.

बाईंनी बटण दाबलं. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

‘हे कुणी केलंय?’ मी विचारलं. माझा आवाज चढला, काचेबाहेरची माणसं वळली. ‘कुणी बनवलंय हे? तिचा आवाज तुमच्याकडे होता, तुम्हीच जोडलात मागून!’

‘सर, मी पण हेच विचारलं. आधी त्यांना, मग वरच्यांना.’ त्या शांतपणे रडत होत्या. ‘जोडलेलं नाही म्हणतात. आणि जोडून आम्हाला काय मिळणार होतं, सर?’

मी हेडफोन पुन्हा पुढ्यात ओढले.

‘पुढे?’

‘पुढे तेच आहे. कळा. मधूनमधून तो लक्ष इकडे म्हणतो.’

‘तुमची ती डबी मी वायर काढून पिशवीत घातली होती. तुमच्या कपाटात पडली आहे. म्हणजे हे केव्हातरी थांबलं असणार. कुठपर्यंत आहे हे रेकॉर्डिंग?’

बाईंनी संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. मग पडदा स्वतःकडे वळवून घेतला.

७

उन्हं अजून होती तेव्हा घरी पोचलो. बाबा बाल्कनीत न बसता पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसले होते. मला पाहताच त्यांनी खिशातलं यंत्र कानात घातलं. ते शिट्टी वाजवायचं थांबेपर्यंत थांबले.

‘बोल.’

वाटेत मी तीन-चार खोट्या बातम्या तयार केल्या होत्या. एकही सांगता आली नाही.

‘पडताना हाक मारली नाही,’ मी म्हणालो. ‘तिला काही कळलंच नाही बाबा. डॉक्टर म्हणाले तसंच.’

त्यांनी डोळे मिटले. खांदे खाली आले. मला वाटलं, इथेच थांबावं. पण ड्रायव्हर माणूस. आरशात न बघताही मागचं कळतं त्यांना.

‘आणि नंतर?’

मी सांगितलं. कळांचं नाही, खुर्चीचंही नाही. फक्त तिचा प्रश्न सांगितला. तो दोनदा विचारला, तेही सांगितलं.

बाबा घाबरले नाहीत. कसं शक्य आहे, असंही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, ‘मग कुणी सांगितलं का तिला?’

‘काय?’

‘कोण आलं होतं ते.’

‘नाही.’

‘इतकी माणसं होती. एकालाही ऐकू आलं नाही?’

‘नाही, बाबा.’

‘मग मी एकटाच बहिरा नव्हतो,’ ते म्हणाले.

ते उठले आणि भिंतीला धरत खोलीच्या दारापर्यंत गेले. खोलीत टेबल होतं, त्यावर बंद संगणक होता, डबी नव्हती. खुर्ची आम्हा दोघांपैकी कुणी हलवली नव्हती. ती टेबलाला लागून होती. बाबा आत गेले नाहीत. उंबऱ्यावर उभं राहून त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली, घसा खाकरला, तोंड उघडलं. आणि तसेच उभे राहिले.

‘बाबा?’

‘कोण आलं होतं ते सांगतो मी तिला,’ ते माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाले. तिला ऐकू जाऊ नये इतक्या हळू. ‘समोरच्या बाई आल्या होत्या, खालचे आले होते, डॉक्टर आले होते. ते सगळं सांगतो. पण का आले होते, असं तिने विचारलं तर?’

ते रेकॉर्डिंग कुठे थांबतं, हे कंपनीने आजवर सांगितलेलं नाही.